बिनमाणसाचा कॉम्प्युटर

ज्या कॉम्प्युटरसमोर कुणी बसलेलं नाही तो दुरून चालवायचा, हा माझा धंदा. गोदामातले, पाण्याच्या टाकीखालच्या खोलीतले, सुट्टीत बंद असलेल्या वाचनालयातले असे चारशेबारा कॉम्प्युटर माझ्या हाताखाली आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांचं मी तोंडही पाहिलेलं नाही. ते रुसले की मी हाक मारते आणि ते येतात. ही बढाई नाही, आहे ते सांगतेय.

ऑफिसात एक नियम आहे, तो मीच घालून दिलाय. फोनवरच्या माणसाला ‘तुम्ही काय केलंत?’ असं विचारायचं नाही. उत्तर ठरलेलं असतं, काहीच नाही. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. त्याऐवजी विचारायचं, ‘यंत्राने काय केलं?’ मग माणूस यंत्राविरुद्ध घडाघडा साक्ष देतो, आणि त्याने स्वतः दाबलेलं बटण त्या साक्षीत आपोआप सापडतं.

त्या मंगळवारी दुपारी दोन वीसला बाबांचा फोन आला. बाबा पुलांचे नकाशे काढतात. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी हात स्वस्थ बसत नाही. ओढ्यावरच्या एका पायपुलाचा नकाशा घेऊन ते आईबरोबर सकाळीच चार तासांवरच्या गावी गेले होते. पलीकडच्या शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी तो पूल. तीन वाजता समितीची बैठक, आणि मंजूर होईल तो नकाशा उद्याच बांधणाऱ्याच्या हातात पडणार होता.

पिशवीत जुना नकाशा आलाय, बाबा म्हणाले, नवा घरच्या कॉम्प्युटरवर राहिला. घराला कुलूप आणि किल्ली आईच्या पर्समध्ये. जुन्या-नव्यात फरक किती, असं मी विचारलं, तर म्हणाले, थोडाफार. ताकास तूर लागू देईनात. मग जुनाच दाखवा की, मी म्हटलं.

“जुना दाखवायचा नाही,” बाबा म्हणाले. “काहीही कर, पण नवा पाठव.”

विनवणी हा बाबांचा प्रांत नव्हे. या माणसाने जन्मात एक चूक कबूल केलेली नाही. भाजी करपली तर गॅस मोठा होता, गाडी चुकली तर ती वेळेआधी सुटली. आई त्यांना पाठीमागे ‘शुद्धलेखन’ म्हणते. त्यांचा तो आवाज ऐकून मी हातातलं दुसरं काम बाजूला ठेवलं.

दोन महिन्यांपूर्वी मीच त्यांच्या कॉम्प्युटरवर आमचा दुरून जोडायचा प्रोग्राम बसवला होता. यादीत पाहिलं तर त्यांचं नाव राखाडी, म्हणजे जागेवर नाही. घरच्या राउटरला विचारलं. तो चालू होता, आणि कॉम्प्युटरही चालू आहे असं सांगत होता. वीज आहे, इंटरनेट आहे, यंत्र जागं आहे, आणि तरी माझ्या हाकेला ओ देत नाही. माझं डोकं फिरलं आणि मी माझाच नियम मोडला.

“बाबा, तुम्ही नक्की काहीतरी दाबलंत.”

काहीही नाही, बाबा म्हणाले. मी जीभ चावली आणि विचारलं, बरं, यंत्राने काय केलं? मग साक्ष सुरू झाली. सकाळी निघताना ते अपडेट करत बसलं, आपणहून बंद झालं, आपणहून सुरू झालं, पासवर्ड मागायला लागलं. त्याच्या नादी न लागता दोघं दार ओढून निघाले.

इथे माझ्या लक्षात आलं. यंत्र नव्याने सुरू झालं की आमचा प्रोग्रामही कुणी पासवर्ड टाकायची वाट न बघता सुरू व्हावा, यासाठी तो बसवतानाच एका चौकटीत खूण करावी लागते. ती मी चारशेबारा ठिकाणी केली होती. बाबांच्या कॉम्प्युटरवर मात्र आईशी गप्पा मारता मारता राहून गेली. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. बाबा विचारत होते, काय झालंय? मी म्हटलं, यंत्रानेच घोळ घातलाय.

राउटरमधून आत शिरायची एक वेगळी वाट मी राखून ठेवली होती. त्या वाटेने गेले. बाबांचा पासवर्ड टाकला, चूक. पुन्हा टाकला, चूक. तिसऱ्यांदा चुकला असता तर यंत्राने अर्धा तास दार लावून घेतलं असतं. दोन बेचाळीस झाले होते. मी कीबोर्डवरून हात उचलले आणि बाबांना विचारलं. पासवर्ड गेल्याच आठवड्यात बदललेला. समितीच्या लोकांसमोर सांगायला नको म्हणून ते जिन्यात गेले आणि एकेक अक्षर सांगत राहिले. मी एका बोटाने टाकत गेले. दार उघडलं.

‘पायपूल’ फोल्डरमध्ये दोन फायली होत्या. एकीचं नाव ‘अंतिम’. दुसरीचं ‘माझी चूक सुधारून’.

बरोबर तीच आहे ना म्हणून उघडून पाहिली. पूल पूर्ण एक मीटर वर उचललेला होता, आणि कडेला लाल अक्षरांत बाबांनी लिहिलं होतं, ‘पुराची पातळी मी कमी धरली होती.’ पिशवीतला नकाशा मंजूर झाला असता तर पहिल्याच मोठ्या पुरात पूल पाण्याखाली गेला असता, कदाचित भर शाळेच्या वेळेत. दोन त्रेपन्नला नकाशा पाठवला. ‘मिळाला’ एवढंच म्हणून बाबांनी फोन ठेवला.

चार वाजता त्यांचा पुन्हा फोन आला. नवा नकाशा मंजूर झाला होता. जुन्यात काय चुकलं होतं आणि कुणाचं, तेही समितीला उभं राहून सांगून टाकलं, म्हणाले. लोकांनी ऐकून घेतलं, कुणी खाल्लं नाही.

मग मला राहवेना. “बाबा, यंत्राने काही घोळ घातला नव्हता,” मी म्हटलं. “एक खूण करायची मी विसरले होते.”

“माहीत आहे,” बाबा म्हणाले. “मघाशी यंत्रावर ढकललंस, तेव्हा अगदी माझ्यासारखी बोललीस.”