आउटलेटची पर्स

अडतिसाव्या रस्त्यावरच्या आमच्या पर्सच्या कारखान्यात आम्ही नऊ जण. कंपनी पॅरिसवाल्यांनी विकत घेतली आणि कारखाना ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला त्यांच्या सिल्व्हियानबाई गुरुवारी येणार होत्या.

"चांगली छाप पाडा," हॉवर्ड साहेब म्हणाले. कंपनी त्यांच्या आजोबांनी काढलेली.

छाप म्हणे! आमच्या नावाच्या निम्म्या पर्स हायवेवरच्या आउटलेट म्हणजे स्वस्त मालाच्या दुकानांत खपतात. त्या आम्ही करतच नाही, परदेशात कुठेतरी गोंदाने चिकटवून होतात. त्यांच्यावर कधीच नसलेली मोठी किंमत छापायची, ती खोडायची आणि सूट दाखवायची. पॅरिसवाले आमचं नाव ऐकून नाक मुरडतात ते याच्यामुळे, आणि मला विचाराल तर त्यांचं काही चुकत नाही.

दुरुस्तीच्या पर्सही आमच्याकडेच येतात. आतल्या पट्टीवर ठिपका दिसला तर ती आउटलेटची, हात न लावता परत पाठवायची, असा नियम. एकतीस वर्षं शिवणाऱ्या ओफेलियाला तो कधी पाळता आला नाही.

"बाई, पुन्हा ठिपक्याची उसवायला घेतलीस?" मी कातडं कापता कापता विचारलं. "साहेबाला कळलं तर तुलाच उसवेल."

"गप रे गस्पार! नाव आपलंच आहे ना हिच्यावर? हा गोंद मला बघवत नाही."

तिने ती पर्स हाताने नव्याने शिवली, कडांना तीनदा रंग दिला आणि फळीवर ठेवली.

गुरुवारी सिल्व्हियानबाईंनी नेमकी तीच उचलली. कडेवरून अंगठा फिरवला, आतल्या पट्टीवरचा ठिपका पाहिला.

"ही आउटलेटची? असा टाका आमच्याकडेही सहजी मिळत नाही."

ओफेलिया लाजून हसली. तेवढ्यात सिल्व्हियानबाई म्हणाल्या, "आउटलेटचा माल असा होत असेल, तर हा कारखाना कशाला पोसायचा?"

"अहो, ती मी शिवलीय!" ओफेलिया ओरडलीच. "साहेब, सांगा ना यांना!"

हॉवर्ड साहेब लहानपणी तिच्याच टेबलाशी बसून शाळेचा अभ्यास करायचे. तिचा टाका ते डोळे मिटून ओळखतील. पण कारखाना राहो न राहो, आउटलेटचा कारभार पॅरिसवाल्यांनी त्यांच्याच हाती ठेवलाय. त्यांनी पर्स हातात घेतली, टाक्यांकडे नीट पाहिलं.

"कारखाना बंद होणार हे मनाला लावून घेतलंय तिने, मॅडम," ते म्हणाले. "आमचा आउटलेटचा माल असाच असतो."