पोरीच्या जिभंवरचं पांढरं

दीड महिन्याची पोर, तोंड लावायची आन् लगीच किंचाळून बाजूला व्हायची. अंगावर पीतच न्हवती! तिचा बा धुळा, मेंढपाळ. बहात्तरचा दुष्काळ, माणदेशात काडी न्हाई, म्हनून मेंढरं आणून बसवल्याली उंब्रजच्या ऊस तुटल्याल्या रानात. म्हातारी बयाबाई, धुळाची आई, तिचं आपलं एकच, "सुनंचं दूध नासलंय. शेळीचं पाजा." आन् सून रंगू पोरीला परत छातीशी धरायची.

दोघं नवरा-बायकू पोर घिऊन तडक उंब्रजच्या डाक्टरकडं. डाक्टरनं बोटाला कापूस गुंडाळला, जिभंवरचं पांढरं पुसाय गेला, तर निघंना! जोर दिला तर खालनं लालभडक.

"दूध असतं तर पुसून निघालं असतं. ही बुरशी आहे. भाकरीला येते ना, तिच्याच जातीतली. हे दिवसातनं दोनदा लावा."

औषध जांभळं. पोरीचं तोंड अक्षी जांभळं खाल्ल्यागत. पाच दिसांत जीभ साफ, आन् तिथनं तिसऱ्या दिशी पुन्यांदा पांढरी!

"सांगत हुते का न्हाई?" म्हातारीनं धार काढाय शेळीच धरली की!

धुळा बघतोय तर रंगू पाजताना पदराचा बोळा दातात धरून बसल्याली. आन् त्येच्या डोक्यात एकदम मेंढरं आली.

"रंगे, एका मेंढीला खरूज झाली तर एकटीलाच औषध लावतू व्हय गं आपण?"

"न्हाई. सगळ्या कळपाला."

"मग तुला बी झालंय का काय?"

तिनं मान खाली घातली. "पाजताना छातीला आग हुतीया नुसती. आठ दिस झालं."

"आन् डाक्टरला बोलली न्हाईस?"

"आवं, त्या बाप्या माणसाला काय दावू?"

तिचं बी खरंच. मग धुळाच गेला, एकटा, कानाच्या पाळ्या लाल, जमिनीकडं बघत कसंबसं सांगितलं. डाक्टरनं स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

"अरे, हे मीच विचारायला पाहिजे होतं! पोरीचं तिला, तिचं पोरीला, चाललंय फिरून. दोघींना एकदमच लावा. बरं वाटलं तरी मधेच सोडू नका."

रंगूच्या चोळीवर जांभळं डाग बघून म्हातारी म्हनती, "ह्यो काय शिमगा मांडलाय?"

आठव्या दिशी पोर प्याली, गड्या, घटाघटा, आन् पिता पिताच झोपली. रंगूचा पदर खांद्यावर, दातात न्हाई. म्हातारीनं बघितलं. पोरीसाठी काढल्यालं शेळीचं दूध उचललं, सगळं च्याच्या आधणात वतलं, आन् पयली कपबशी रंगूच्या पुढ्यात ठिवली.