लसूण लावायचा शनिवार

अण्णांनी अन्वीला मारलं ते मेथीवरून.

अण्णा म्हणजे मुक्ताचे सासरे, श्यामकांत. श्रीरामपूरच्या शाळेत तीस वर्षं पीटीचे मास्तर होते. सासूबाई गेल्या, त्यानंतर दोन वर्षांनी, २०१६च्या सप्टेंबरात, ते नव्वद दिवसांच्या व्हिसावर मुलाकडे जर्मनीत, हायडेलबर्गला आले. मुलगा सिद्धांत नेकारसुल्मला इंजिनियर. सकाळी सहाला निघायचा, संध्याकाळी सातला यायचा. मुक्ता सॉफ्टवेअरमध्ये, पण आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायची. अन्वी नऊ वर्षांची, तिसरीत. अण्णांनी दिवसभर करायचं काय, हा प्रश्न होता, आणि तो बागेने सोडवला.

शहराच्या वरच्या अंगाला, जंगल सुरू होतं तिथे, भाड्याने द्यायचे चाळीस बागांचे तुकडे होते. त्यातला एक मुक्ताकडे चार वर्षं होता. शेजारच्या तुकड्यातल्या फ्राऊ क्रेमर, सत्तरी ओलांडलेल्या, तिला सगळं शिकवायच्या. बटाटे एप्रिलमध्ये, टोमॅटो आणि मिरच्या मेच्या पंधरा तारखेनंतरच, कारण तोवर कधीही रात्रीतून हिम पडतं. बटाट्याचा पाला वाळला तरी लगेच खणायचं नाही, दोन-तीन आठवडे थांबायचं, साल घट्ट होऊ द्यायची. मुक्ताने हे सगळं एका कॅलेंडरवर लिहून शेडच्या दाराला आतून लावलं होतं. अण्णांनी ते पहिल्याच दिवशी वाचलं आणि म्हणाले, "भाजी काय तारीख बघून उगवते का?"

दहा सप्टेंबरला त्यांनी मेथी टाकली.

"अण्णा, उशीर झालाय," मुक्ता म्हणाली. "इथे मेथी-कोथिंबीर ऑगस्टच्या मध्यापर्यंतच. आता फक्त पालक, नाहीतर थंडीत टिकणारं सॅलड."

"मी दिवाळीपर्यंत टाकतो."

"ते श्रीरामपूरला."

"माती मातीच असते," असं म्हणून त्यांनी वाफ्यावरून हात फिरवला.

मेथी पाचव्या दिवशी उगवली. अण्णा रोज चढ चढून तिला बघायला जायचे. महिनाअखेरीच्या एका रविवारी अन्वी आपल्या बॉलमागे धावली आणि वाफ्याच्या मधोमध पडली. उठताना तिने हाताने, गुडघ्याने आसपासची मेथीही चिरडली. मुक्ता नळापाशी होती. तिला आधी आवाज ऐकू आला, ओल्या कपड्यावर काठी मारल्यासारखा. वळून बघितलं तर अण्णांनी अन्वीचा दंड धरला होता आणि हातातल्या बांबूने ते तिच्या पोटऱ्यांवर मारत होते. घाईघाईत नाही. मोजून मारल्यासारखं. अन्वी ओरडत नव्हती. तिला काय होतंय हेच तिला कळत नव्हतं. घरात तिच्यावर कधी कुणी हात उचलला नव्हता. चौथा फटका बसायच्या आत मुक्ताने बांबू हिसकावला. तिचा तळहात फाटला.

"दोन फटक्यांनी कुणी मरत नाही," अण्णा म्हणाले. श्वासही वाढला नव्हता. "तुझा नवरा मेला का?"

संध्याकाळी मुक्ताने सिद्धांतला अन्वीच्या पोटऱ्यांवरचे तीन निळे पट्टे दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला आणि उठून बाल्कनीत गेला.

"तू बोलणार आहेस त्यांच्याशी?" तिने विचारलं.

"मला गॅसच्या नळीने मारायचे," तो म्हणाला. "शाळेत, सगळ्यांसमोर. मी त्यांच्याच वर्गात होतो."

"मी ते विचारलं नाही."

तो बाल्कनीतून आत आला नाही. म्हणून मुक्ताच बोलली. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने अण्णांना सांगितलं, "परत तिच्यावर हात उगारलात तर त्याच दिवशी तुमचं तिकीट बदलीन. आणि यापुढे ती तुमच्याबरोबर एकटी राहणार नाही." अण्णांनी कप खाली ठेवला. "ठीक आहे," म्हणाले. माफी मागितली नाही. अन्वी त्यानंतर बागेत यायची बंद झाली. आजोबा खोलीत आले की आपली वही उचलून दुसऱ्या खोलीत जायची.

उरलेली मेथी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, पहिल्या कडाक्याच्या रात्री, काळी पडून जमिनीला चिकटली. अण्णांनी ती खुरप्याने खरवडून काढली. त्याच आठवड्यात रानडुकरं आली. त्यांनी फ्राऊ क्रेमरचा गाजरांचा वाफा नांगरल्यासारखा उलथवला आणि मुक्ताच्या कंपोस्टमागचं कुंपण खालून फाडलं. सिद्धांतने तिथे तार गुंडाळली.

पाच नोव्हेंबरला शनिवार होता. लसूण लावायला हेच दिवस. हिवाळ्याआधी पाकळ्यांना मुळं फुटायला हवीत, मग त्या बर्फाखाली निवांत राहतात आणि जुलैत गड्डे निघतात. सिद्धांत अन्वीला पोहण्याच्या क्लासला घेऊन गेला. मुक्ताला एकटीला जायचं होतं, पण अण्णा बूट घालून दारात उभे होते.

वर पोचल्यावर फ्राऊ क्रेमरनी कुंपणावरून सांगितलं, "आज जंगलात शिकार आहे. रस्ता बंद केलाय. तेव्हा फाटक लावून घ्या."

"काय म्हणतात?" अण्णांनी विचारलं.

"डुकरं मारणार आहेत आज. फाटक लावा म्हणतात."

अण्णांनी फाटक लावलं. मग ते छोट्या स्टुलावर बसून पाकळ्या लावू लागले, शेंडा वर, वितीच्या अंतरावर. मुक्ता शेजारच्या वाफ्यात चार दातांच्या काट्याने माती मोकळी करत होती. अधूनमधून जंगलातून गोळीचा आवाज यायचा, कुत्र्यांचं भुंकणं यायचं, मग पुन्हा शांत. साडेअकराच्या सुमारास एक बार अगदी जवळून झाला आणि थोड्या वेळाने कंपोस्टमागची तार ताणून तुटल्याचा आवाज आला.

डुक्कर मोठं होतं. मागचा एक पाय मांडीपासून मोडून लोंबत होता आणि हाड बाहेर आलं होतं. ते तीन पायांवर कोबीच्या वाफ्यातून आलं, थांबलं आणि धापा टाकत उभं राहिलं. तोंडाला लाल फेस होता. खालच्या जबड्यातून बोटभर लांबीचे सुळे वर वळले होते. मुक्ता जागच्या जागी थिजली. अण्णा उठले. त्यांनी जमिनीवरचं खुरपं घेतलं आणि गल्लीतल्या कुत्र्याला हाकलावं तसं ते ओरडले, "हाड, चल, हाड."

"अण्णा, हलू नका," मुक्ता म्हणाली.

ते एक पाऊल पुढे गेले. डुकराने मान खाली घातली. तीन पायांवर एवढा वेग असेल असं तिला वाटलं नव्हतं. धडक बसली तसे अण्णा उडून स्टुलावर आदळले, आणि डुकराने मान वर झटकली, एकदा, दोनदा. पँट फाटल्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. अण्णांची डावी मांडी गुडघ्याच्या वरपासून उघडी पडली. आधी पांढरं दिसलं, मग ते रक्ताने भरलं. अण्णांनी दोन्ही हातांनी सुळे धरायचा प्रयत्न केला. डुकराने त्यांचा हात चावला आणि सोडला नाही. तेव्हा ते पहिल्यांदा किंचाळले.

मुक्ता चार पावलांवर होती. काटा हातात होता. ती हलली नाही. भीती होतीच, पण तेवढंच नव्हतं, हे तिला त्या क्षणीही माहीत होतं. तिच्या डोळ्यासमोर अन्वीच्या पोटऱ्या होत्या आणि मोजून पडणारा बांबू होता. अण्णांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्यांनी हाक मारली नाही.

मग ती धावली. काटा तिने डुकराच्या खांद्यात घातला. तो आत गेला नाही, राठ कातडीवरून घसरला आणि ती स्वतः त्याच्या अंगावर पडली. डुकराने अण्णांचा हात सोडला, वळून तिला फेकलं. तिचं डोकं वाफ्याच्या फळीवर आपटलं. उठताना तोंडात माती आणि रक्त होतं. डुक्कर तिच्यावर यायला वळलं, मोडक्या पायावर भार पडला आणि ते एका कुशीवर कलंडलं. ती उठली आणि या वेळी तिने मानेवर मारलं, कानाच्या मागे, दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून. चारही दात आत गेले. डुक्कर माणसासारखं ओरडलं. तिने काटा सोडला नाही. ते तिला वाफाभर फरफटत घेऊन गेलं, आणि ती काट्याच्या दांड्यावर पोट दाबून पडून राहिली. नंतर तिने काटा उपसला आणि परत मारला. परत उपसला. किती वेळा, हे तिला नंतर सांगता आलं नाही. फ्राऊ क्रेमर कुंपणापलीकडून तिचं नाव घेत होत्या. डुक्कर केव्हाच हलायचं थांबलं होतं.

"मुक्ता, पुरे. तो माणूस बघ. त्याचं रक्त जातंय."

तिने काटा टाकला. अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिने गळ्यातला स्कार्फ काढून त्यांच्या मांडीच्या वर, जांघेपाशी, गुडघा रोवून जितका आवळता येईल तितका आवळला, आणि जखमेत स्वतःची मूठ दाबून धरली. आत गरम होतं. नाडी मुठीवर आपटत होती. फ्राऊ क्रेमरनी अँब्युलन्ससाठी एकशेबारा नंबर फिरवला. केशरी जाकीट घातलेला एक शिकारी कुत्रा घेऊन धावत आला. डुकराकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि टोपी काढून उभा राहिला. "माझी गोळी खाली लागली," एवढंच तो म्हणाला. मुक्ताने त्याला ओरडून सांगितलं की रस्त्यावर जा आणि अँब्युलन्सला वाट दाखव.

अण्णा जगले. मांडीतली मोठी रक्तवाहिनी फाटली नव्हती, नुसती ओरबाडली होती. तीन ऑपरेशनं झाली. डाव्या हाताची दोन बोटं गेली. परतीची तारीख गेली, आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत जाऊन सिद्धांतने डॉक्टरांच्या कागदांवर व्हिसा वाढवून आणला.

त्या शनिवारी रात्री हॉस्पिटलमधून घरी आल्यावर मुक्ताने बाथरूममध्ये नखांतली माती काढताना सिद्धांतला सांगितलं, "मी थांबले होते. लगेच गेले नाही."

"घाबरली असशील."

"नाही. म्हणजे हो. पण मी बघत होते, सिद्धांत."

तो टबच्या कडेवर बसला. "मी असतो तर अजून थांबलो असतो," तो म्हणाला. आणि मग रडला, आवाज न करता, बराच वेळ. लग्नाला बारा वर्षं झाली होती; तिने त्याला असं पहिल्यांदा बघितलं.

डिसेंबरात अण्णा घरी आले. कुबड्या घेऊन हॉलमधून खिडकीपर्यंत जायचे आणि परत यायचे. रोजचं ड्रेसिंग मुक्ताच करायची. एक दिवस पट्टी गुंडाळताना त्यांनी विचारलं, "तू उभी होतीस ना?"

"हो."

"किती वेळ?"

"मोजला नाही."

त्यांनी मान हलवली. "मला वाटलं तू येणार नाहीस," ते म्हणाले. "आणि मला वाटलं, बरोबर आहे."

मुक्ता पट्टीचं टोक चिकटवून उठली.

जानेवारीत एका दुपारी अन्वी जेवणाच्या टेबलावर गृहपाठ करत होती. अण्णा कुबड्या टेकत आले. ती वही उचलू लागली.

"थांब," अण्णा म्हणाले. "मी तुला मारायला नको होतं."

अन्वीने आईकडे बघितलं. मग आजोबांकडे न बघता म्हणाली, "वारूम झाग्स्ट डू दास एर्स्ट येत्स्ट?"

"काय म्हणते?"

"हे आत्ता का सांगताय, असं विचारतेय," मुक्ता म्हणाली.

अण्णा खुर्चीवर बसले. बसायला त्यांना वेळ लागला. "रोज हा पाय बघतो," ते म्हणाले. "बघितला की मला तिचे पाय आठवतात. आधी आठवायला हवे होते. सांग तिला."

"तिला मराठी कळतं."

अन्वी पेन्सिल फिरवत राहिली. थोड्या वेळाने तिने, मराठीत, विचारलं, "टाके किती पडले?"

"एकेचाळीस."

"दाखवा."

त्यांनी पायजमा मांडीपर्यंत वर सरकवला. ती खुर्चीवरून उतरली नाही, टेबलाच्या पलीकडूनच मान लांब करून बघितलं. ओठ हलवत मोजू लागली. सव्वीसपर्यंत आल्यावर चुकली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अण्णा पाय धरून बसून राहिले.