काकूच्या वाटचं पाणी

सकाळी जारवाला नेहमीसारखा पाण्याचा जार दारात ठेवून गेला. घरच्या नळाला पाणी तळ्याचं, आणि तळ्यावर उन्हाळ्यापासून दाट हिरवी साय धरली होती.

लेक प्रयोगशाळेत नोकरीला. त्या सायीतल्या जिवाणूंची जनुकं तिनेच वाचली होती. दिसायला सगळे सारखेच हिरवे; पण काही निरुपद्रवी, तर काहींच्या जनुकांतच विष घडवायची विद्या. या तळ्यातले नेमके विषारी निघाले. तिने फोनवर बजावलं होतं, "बाबा, उकळून उपयोग नाही. हे विष यकृताला लागतं." बाबांनी त्याच दिवशी जार लावून घेतला.

आता सुट्टीवर आल्याआल्या ती काकूच्या खोलीत गेली. स्वयंपाकघरामागची, पूर्वी जळण ठेवायची ती खोली. काका गेल्यापासून काकू तिथेच राहायची, सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवायची. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

"काकू, पाणी कुठलं पितेस?"

"नळाचं. मला काय होतंय? मेलं कोंबडं आगीला भीत नाही," काकू हसली.

लेक तरातरा स्वयंपाकघरात आली. भाजी चिरणारी आई मान वर न करता म्हणाली, "तिच्या वाटचं उकळून देते की."

"उकळून जात नाही, सांगितलं होतं ना मी!"

"सांगितलं होतंस, आम्ही ऐकलंही होतं," बाबा पेपरामागून म्हणाले. "त्या पांढऱ्या पायाच्या बाईने माझा भाऊ गिळला. आता तिला जारचं पाणी पाजू?"

लेकीने काकूला दवाखान्यात नेलं. बाबाही मागोमाग आले, खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले.

"पाणी कुठलं पिता, आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

काकूने बाबांकडे पाहिलं. "सगळे पितात तेच."

"ती खोटं सांगतेय," लेक म्हणाली आणि तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर आणि बाबा बाहेर गेल्यावर काकू तिच्यावर रागावली. "कशाला बोललीस गं? बरी झाले की मला त्याच घरात जायचंय ना!"

ती बरी झालीच नाही; दवाखान्यातच गेली.

भेटायला आलेल्यांना बाबा सांगत होते, "जुनं दुखणं. आम्ही काही कमी केलं नाही." लेक उभी राहिली. "जाणूनबुजून विषारी पाणी दिलंत तिला." मग आत्या पुटपुटली, "पोरगी शिकली आणि हाताबाहेर गेली." काकूबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

"घराची अब्रू चव्हाट्यावर आणशील?" बाबांनी दारात अडवलं. ती त्यांना ओलांडून पोलीस चौकीत गेली.

"विष घातलं कुणी?" अंमलदाराने विचारलं.

"घातलं नाही. तळ्यातच होतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी स्वतःला वाचवलं, तिला तेवढं वगळलं."

अंमलदाराने पेन खाली ठेवलं. "ताई, याची कसली तक्रार घेऊ? विधवा बाईचं घरोघरी हेच असतं."

"म्हणूनच घ्या," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.