काळी शिळा आणि दोऱ्याचं रीळ

मावशीच्या शिवणकामाच्या दुकानात त्या सकाळी एवढी गर्दी होती, की गिऱ्हाईक कोण आणि भक्त कोण ते कळेना. शेजारचा चष्मेवाला दुकान उघडं टाकून आला होता. सगळ्यांचे डोळे कापायच्या टेबलावरच्या लॅपटॉपवर लागले होते.

चार दिवस हा लॅपटॉप दर दहा मिनिटांनी गोठत होता. बाण हलेना, कळ दाबली तरी ढिम्म, कधी निळा पडदा दाखवून आपोआप बंद. आणि हे सगळं मी जुनी हार्ड डिस्क काढून नवी एसएसडी बसवल्यापासून. मी या दुकानातला कटर. कापड कापता येतं म्हणजे सगळंच जमतं, असा माझा समज.

"यंत्राचा जीव जुन्या डिस्कमध्ये होता," हात लावून यंत्रं बरी करतात म्हणून मावशीने बोलावलेले स्पर्शगुरू म्हणाले. "तो न विचारता बाहेर काढलात. आता भटकतोय."

"किती जीबीचा जीव?" मी विचारलं. मावशीने डोळे वटारले.

गुरूंनी झोळीतून चपटी काळी शिळा काढली आणि लॅपटॉपच्या पोटाखाली इथे सरकव, तिथे सरकव, असं सुरू केलं. याला ते नाडी शोधणं म्हणत. मग काहीतरी पुटपुटले. लॅपटॉप सुरू झाला आणि अर्धा तास झाला तरी गोठेना. चष्मेवाल्याने तर टाळ्याच वाजवल्या.

"हा तात्पुरता उतारा," गुरू म्हणाले. "जुनी डिस्क माझ्याकडे द्या. वाहत्या पाण्यात सोडतो, म्हणजे जीव मोकळा होईल."

काकांनी तीस वर्षांत आखलेले कपड्यांचे सगळे नमुने त्या डिस्कवर होते. काका आता नाहीत. नक्कल नव्या डिस्कवर होती खरी, पण तीच आजारी.

मावशी जुनी डिस्क ठेवलेल्या कपाटाची किल्ली शोधू लागली. "तुझ्या काकांचं काम वाचायला हवं रे," ती म्हणाली. जे वाचवायचं तेच बुडवायला निघाली होती बिचारी.

कोटाची बाही आखूड करून घ्यायला माझ्या सासूबाई बसल्या होत्या. निवृत्त विज्ञान शिक्षिका. "एक शंका आहे, गुरुजी. हे मंत्राने चालतं की दगडाने?"

"दोन्हींनी."

"मग एकेक करून पाहू."

सासूबाईंनी खडूने लॅपटॉपखाली शिळेची जागा आखली आणि शिळा बाजूला केली. गुरूंनी घसा बसेपर्यंत मंत्र म्हटला. सहाव्या मिनिटाला लॅपटॉप गोठला. मग फक्त शिळा ठेवली, मंत्र बंद. झकास चालला. मग सासूबाईंनी त्याच खुणेवर दोऱ्याचं रीळ आडवं सरकवलं. तरीही झकास.

"रिळाची साधना किती वर्षांची?" मी विचारलं. गर्दीतली वरच्या मजल्यावरची एक बाई हसून हसून खुर्चीत बसली.

"माझी दृष्टी पडली त्याच्यावर," गुरू म्हणाले.

"मग डोळे मिटा," सासूबाई म्हणाल्या.

गुरूंनी डोळे मिटले. लॅपटॉप चालतच राहिला.

मग लॅपटॉप बंद करून मी खालचं झाकण उघडलं. एसएसडीची पट्टी एका टोकाला खाचेत होती आणि दुसरं टोक हवेत. त्या टोकाला धरून ठेवणारा स्क्रूच नव्हता. शिळेने झाकण दाबलं की झाकण पट्टीला दाबायचं, खाचेतली जोडणी घट्ट व्हायची. दाब गेला की जोडणी सैल आणि लॅपटॉप गार. चमत्कार तो एवढाच.

सगळे माझ्याकडे बघू लागले. तो स्क्रू नंतर लावू म्हणून मी टेबलाच्या कडेला ठेवला होता. तिथून तो खाली पडला असणार, आणि आमच्याकडे रोज संध्याकाळी जमिनीवरून लोहचुंबक फिरवून सांडलेल्या टाचण्या उचलतात. मावशीने टाचण्यांचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. शेकडो टाचण्यांत तो स्क्रू निघाला, तिळाएवढा.

लाज वाटली, पण हसूही आवरेना. स्क्रू लावला. त्यानंतर लॅपटॉप एकदाही गोठला नाही. गुरू कधी निसटले ते कुणालाच कळलं नाही. शिळा मात्र विसरून गेले.

तेव्हा मंडळी, यंत्र अडलं तर हात जोडण्याआधी झाकण उघडा. आणि जपलेली वस्तू कुणी बुडवायला सांगितली, तर आधी मंत्र वगळून बघा, मग दगड वगळून.

जुनी डिस्क कपाटातच आहे, आणि मावशीने काकांच्या नमुन्यांची आणखी एक नक्कल करून घेतली. पंखा लावला की कापायचे कागद उडतात, त्यांच्यावर ती आता गुरूंची शिळा ठेवते. "चांगली जड आहे," म्हणते.