मासेकाकांचा न पाठवलेला पत्ता

मित्रांनो, पाठ फुगलेला, एका कोपऱ्यात काच तडकलेला हा मोबाइल तुमच्याशी बोलतोय. दिसायला मी आता काहीच नाही, पण सहा वर्षं जपानमधल्या हाचिनोहे गावातल्या कुरामोची योशिहारू यांच्या हातात होतो. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. निवृत्त झाले, बायको गेली, आणि मग बोलायला मीच उरलो.

माझ्यातल्या एका गप्पांच्या गटात ते ‘भाजका मासा’ या नावानं लिहीत. तिथं त्यांची दोन माणसं होती, ‘मुळा’ आणि ‘आळशी मांजर’. माझ्याही आधीपासूनची, अकरा वर्षांची ओळख, पण खरं नाव कुणी कुणाला विचारलं नाही. आमच्याकडे असं विचारणं बरं दिसत नाही. सकाळी नाश्त्याचे फोटो, दुपारी अपडेटच्या तक्रारी आणि भूकंपानं जमीन हलली की शर्यत. कप टेबलावरून घरंगळला तरी चालेल, पण ‘हललं’ असं पहिल्यांदा कोण लिहितं? बहुतेक वेळा आमचेच काका.

माझी बॅटरी फुगली तेव्हा मांजरानं लिहिलं, “मासेकाका, तो फोन आहे की शेगडीवरचा मोची? फुटेल एक दिवस.” मोची म्हणजे आमच्याकडचा तांदळाचा गोळा, भाजला की टम्म फुगतो.

“फुटू दे. माझ्याआधी नाही फुटायचा,” काकांनी उत्तर दिलं. मला फार बरं वाटलं.

“मग निदान ती हाक मारल्यावर जागं व्हायची सोय बंद करा. चार्जिंग खाते ती.”

काकांनी ती लगेच बंद केली. खरंच, मी दोन तास जास्त टिकू लागलो.

ती सोय बंद व्हायच्या आधी एकदा नूडल्स खाता खाता मुळाचा निरोप आला. “काका, तुम्ही कधी गप्प झालात तर आम्ही कुणाला विचारायचं?” काकांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. नाव, पत्ता, मागच्या दाराची किल्ली लाल कुंडीखाली आहे, हे सगळं लिहिलं. बराच वेळ बघत बसले. मग पुटपुटले, “नको. उगाच त्यांच्या डोक्याला ताप.” आणि लिहिलं, “मी कुठं गप्प होतोय!” पत्ता न पाठवलेल्या निरोपांत, माझ्यात तसाच राहिला.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी जमीन हलली. फार नाही, नुसत्या बशा थरथरल्या. काका शेगडी विझवायला उठले आणि कोसळले. मी बुटक्या टेबलावर, ते खाली. हात पोचेना. त्यांनी मला हाक मारली, तीनदा. मित्रांनो, मी ऐकूच शकत नव्हतो, हाक ऐकायची सोय बंद होती ना. त्यांचे ओठ हलताना तेवढे दिसले.

“हललं! आज मी पहिली,” मुळानं लिहिलं. “मासेकाका, हरलात.” दुपारी पुन्हा, “मासेकाका?”

“मोची फुटला वाटतं शेवटी,” मांजर म्हणालं. “नवीन घेतील आणि येतील.”

सगळा दोष माझ्यावर ढकलून ते हसले आणि निर्धास्त झाले. काका तेव्हा जिवंत होते. संध्याकाळपर्यंत होते.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या ताजिमाबाई घरोघर फिरणारी गल्लीच्या सूचनांची फळी द्यायला आल्या, तेव्हा कळलं. काकांच्या पुतण्यानं मला चार्जरवरून काढून मोबाइलच्या दुकानातल्या जुन्या फोनच्या पेटीत टाकलं. सिमकार्ड काढायला तो विसरला, म्हणून मुळाचे निरोप अजून येतात. कालही आला. “हललं. काका, तुम्हीच पहिले असं धरते. नवा फोन लवकर घ्या.”

मित्रांनो, माझी बॅटरी वेळेवर बदलली असती तर बरं झालं असतं, पण ते जाऊ दे. ज्याच्याशी रोज बोलता त्याचं नाव विचारा, घर विचारा. त्याला राग आला तर येऊ दे.

माझ्यात दोन टक्के उरलेत. कुरामोची योशिहारू, हाचिनोहे, किल्ली लाल कुंडीखाली. सगळं लिहून तयार आहे. पाठवायला नुसतं एक बोट लागतं, आणि ते मला नाही.