उद्याचं पाणी

शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या होत्या, मधलं सगळं पान पिवळं... तिनं ते उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. कालच्यापेक्षा जास्त पिवळं की उजेडच तसा पडलाय, हे तिला ठरवता येईना. तेवढ्यात पान देठापासून सुटून हातात आलं. ओढलंही नव्हतं. खालची चार अशीच गेली होती, हे पाचवं – आणि लिंबाचं झाड म्हणजे होतं तरी केवढं, खिडकीच्या कट्ट्यावरच्या कुंडीत गुडघाभर, ना फूल ना फळ. पण आईच्या हातचं दुसरं काही घरात जिवंत नव्हतं, आणि हे गेलं तर...

पान रुमालात गुंडाळून तिनं पर्समध्ये टाकलं आणि सवयीनं बाटली फिल्टरच्या नळाखाली धरली. बाटलीही आईचीच. तिच्यावर चिकटपट्टीच्या तीन खुणा, तिनंच आईसाठी लिहिलेल्या – सकाळ, दुपार, संध्याकाळ. दिवसाला एवढंच. मूत्रपिंडं थकलेल्या माणसाला पाणी मोजूनच द्यावं लागतं, जास्त झालेलं बाहेर पडत नाही, फुप्फुसांत साचतं. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती डायलिसिस विभागात तंत्रज्ञ होती, दुसऱ्यांच्या आयांना दिवसभर हेच समजावत होती. आता मात्र ती बाटली खुणांच्या वर, गळ्यापर्यंत भरायची आणि सगळीच्या सगळी झाडाला घालायची. फिल्टरचं, क्षार काढून टाकलेलं पाणी. पूर्वी नळाचं घालायची तेव्हा कुंडीच्या काठावर पांढरा थर धरायचा. आई गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं तो सुरीनं खरवडून काढला होता. असलं पाणी आईच्या झाडाला? इथून पुढे सगळ्यांत चांगलं घालायचं, आणि हात आखडता घ्यायचा नाही.

माती कालचीच ओली होती. तरी तिनं बाटली उपडी केली.

आईच्या तोंडाला कोरड पडली की ती लिंबाची पातळ चकती चोखायला द्यायची – त्यानं तहान भागत नाही, नुसती फसते. आई चकती चोखायची आणि बिया बशीच्या काठावर ओळीनं मांडून ठेवायची. ‘‘लेक पाण्याच्या कारखान्यात आणि आई कोरडी,’’ म्हणायची, ‘‘दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.’’ त्यातली एक बी आईनं कुंडीत कधी खोचली ते कळलंच नाही. कोंब आल्यावर मात्र ती रोज आपल्या वाटणीतलं चमचाभर पाणी त्याला घालायला लागली.

‘‘अगं आई, ते तुझ्या पिण्याचं आहे. झाडाला नळाचं घालते ना मी.’’

‘‘घाल की. मी माझ्यातलं देतेय, हवालदारीणबाई. तुमच्यातलं नाही.’’

विभागात पोचल्यावर तिनं आधी मागच्या खोलीत जाऊन पाणी तपासलं. सगळी मशीनं याच पाण्यावर चालायची, घरच्या फिल्टरपेक्षा कितीतरी शुद्ध. पण ते तसंच नुसतं रक्ताच्या शेजारून फिरवलं तर माणूस दगावेल. म्हणून मशीन त्यात आधी क्षार मोजून मिसळतं, आणि मिश्रणाचा आकडा बरोबर आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती कुणाला सुई टोचत नसे. बारा वर्षांत एकदाही चुकली नव्हती. लोक तिला चोख म्हणत. आई पण म्हणायची, जरा वेगळ्या सुरात.

तिसऱ्या खुर्चीत माळीकाका होते. सगळा जन्म दुसऱ्यांच्या बागा राखण्यात गेलेला, आता आठवड्यातून तीनदा इथे चार-चार तास. त्यांचं मशीन सुरू झाल्यावर तिनं रुमाल उघडला.

‘‘काका, हे बघा ना जरा.’’

त्यांनी मोकळ्या हातानं पान खिडकीच्या दिशेनं धरलं. ‘‘लिंबू. पाणी कुठलं घालता?’’

‘‘फिल्टरचं. एकदम शुद्ध.’’

माळीकाका हसले. ‘‘अहो ताई, तुम्हीच सांगितलं होतंत ना मला? यातलं कालवल्याशिवाय पाणी लावत नाही म्हणून?’’ त्यांनी मशीनखालच्या क्षारांच्या कॅनकडे मान वळवली. ‘‘मला कालवून, आणि त्या बिचाऱ्याला नुसतंच?’’

बारा वर्षं... आणि घरी रोज सकाळी...

‘‘निम्मं नळाचं मिसळा. थोडं खत द्या. रोज घालता?’’

‘‘रोज. बाटलीभर.’’

‘‘वाटलंच. पोट फुटेस्तोवर पाजलंत आणि उपाशी ठेवलंत. आधी माती सुकू द्या. चार दिवस तहानू द्या त्याला. मागितलं तरी द्यायचं नाही.’’ त्यांनी सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. ‘‘मला कुठे देता तुम्ही.’’

ते सहज बोलले होते. तिनं त्यांच्या मशीनवरचा आकडा पाहिला, बरोबर होता, पुन्हा पाहिला.

आठ महिन्यांपूर्वी, त्या दिवशी आईच्या बाटलीतलं पाणी संपलं होतं आणि अजून दिवेलागणही झाली नव्हती. एक घोट, आई म्हणाली. एकच गं. फिल्टर चार पावलांवर होता. आज नाही आई, उद्या, असं म्हणून मी बाटली धुऊन पालथी घातली – हो, तिच्यासमोर. उद्या, आई म्हणाली, शब्द नीट पाठ करून घ्यावा तशी. पहाटे झोपेतच तिचं हृदय थांबलं. घोटाचा काही संबंध नाही, डॉक्टर म्हणाले, आणि ते खरं होतं, दिला असता तरी वाचली नसती. पण दिला असता तर बिघडलंही नसतं... मी नियमानं बरोबर होते. चुकले असते तर निदान माफी तरी मागता आली असती.

संध्याकाळी घरी आल्यावर ती चप्पल न काढताच खिडकीशी गेली. मातीत बोट खुपसलं. दोन पेरांपर्यंत चिखल. सहावं पान पिवळं पडायला लागलं होतं. तिनं बाटलीत निम्मं फिल्टरचं घेतलं, निम्मं नळाचं, तिसऱ्या खुणेपर्यंत, एक थेंब जास्त नाही. मग माती सुकल्यावर घालायचं म्हणून टोपण लावून ती कुंडीशेजारी उभी राहिली.

एक घोट... कुणी म्हणालं नव्हतं. झाडं मागत नाहीत. पण तिचा हात आपोआप टोपणाकडे गेला, आणि ते फिरवायला लागल्यावर तिला कळलं की गेले आठ महिने रोज सकाळी ती कुणाला पाजत होती. थोडं घातलं तर काय होणार आहे? एवढंसं. लेक आहे, पाणी आहे, आणि आई कोरडी...

‘‘आज नाही,’’ ती म्हणाली. मोठ्यानं.

रिकाम्या घरात आवाज अगदी तसाच उमटला, त्याच दोन शब्दांवर तसाच जोर. आठ महिने तिला जो आठवत होता तो हवालदाराचा आवाज होता. हा नव्हता. हा घाबरलेल्या माणसाचा होता. समोरचं हातातून जाईल म्हणून ताठ उभं राहिलेल्या माणसाचा. तिनं टोपण पुन्हा घट्ट केलं, कट्ट्याला टेकून खाली बसली आणि बाटली मांडीवर धरली. आईला हे तेव्हा ऐकू आलं होतं का, की तिला ऐकू आलं ते फक्त ‘नाही’ एवढंच? तिच्या स्वतःच्या घशाला कोरड पडली होती. पाणी प्यायला उठावंसं मात्र वाटेना.